कोळधऱ्याचा भोंगा

कोळधऱ्याच्या उष्माकक्षात बाहेरचं तापमान दाखवणारी पाटी कुणी वाचत नसे. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पुन्हा अठ्ठेचाळीस. मे महिना म्हटला की हे आलंच. सन २०८७ मधल्या त्या सोमवारीही पाटी ४८.७ दाखवत होती आणि तिच्याखाली बसून डॉ. ओवी पिंपळशेंडे डब्यातला उपमा खात होती.

महिन्यापूर्वी पुण्याहून बदली होऊन आलेला हवामानतज्ज्ञ इरफान काझी एक कागद घेऊन समोर उभा राहिला.

"मॅडम, आठवड्यात चौदा माणसं गेली. सगळी उष्माघातानं. आणि भोंगा एकदाही वाजला नाही. नवलमापक बिघडलाय का?"

"अगदी ठणठणीत आहे. त्याला नवल वाटलं नाही, एवढंच."

इरफानला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण ओवी थट्टा करत नव्हती. नवलमापक तिनेच बांधला होता, आणि आपल्या हातच्या वस्तूबद्दल बोलताना माणूस गंभीरच होतो.

"पूर्वी भोंगा पंचेचाळीसला वाजायचा," ती म्हणाली. "ठरलेला आकडा. हवा तापत गेली तसा तो महिना-महिना वाजायला लागला. एका उन्हाळ्यात सलग त्रेपन्न दिवस वाजला. त्रेपन्नाव्या दिवशी एक्कावन्न अंश होते. भोंगा कोकलत होता आणि लोक बाजारात वांगी निवडत होते. तीनशे अकरा माणसं गेली त्या दिवशी. भोंगा वाजला नाही म्हणून नव्हे, रोज वाजला म्हणून."

"म्हणून मग नवलमापक."

"हो. त्याच्या स्मृतीत मागची वीस वर्षं असतात. रोज पहाटे तो दिवसाचा अंदाज घेतो आणि विचारतो, असा दिवस वर्षाच्या याच दिवसांत कितीदा आला? हजारांत एखादाच असेल तर भोंगा. उन्हाचं टोक असो की थंडीचं, त्याला सारखंच. तेव्हा डिसेंबरात गारठ्यानंही माणसं मरायची."

"वीसच वर्षं का?"

"जुनी ठेवली असती तर त्याला रोजच नवल वाटलं असतं. पुन्हा त्रेपन्न दिवस."

इरफानने खुर्ची ओढली आणि तो हळूच बसला. "म्हणजे आता वीसच्या वीस वर्षं अठ्ठेचाळीसची. ज्या उन्हात माणूस मरतो, ते त्याला नेहमीचं वाटतं."

"आपल्याला तरी कुठे वेगळं वाटतं?" असं ओवी म्हणाली खरी, पण डबा तिने बाजूला सारला. चौदा नावांचा तो कागद तिने अजून हातातही घेतला नव्हता.

दुपारी ती घरी आली तेव्हा बाबा अंगणात पत्र्याच्या छपराखाली बाजेवर बसले होते. डोक्याला ओला दुपट्टा, चेहरा तांब्यासारखा लाल. चौऱ्याऐंशी वर्षांचे विशालराव. एके काळी हे नाव शाळेच्या प्रत्येक वर्गात दोनदा तरी सापडायचं म्हणे. आता ते फक्त म्हाताऱ्यांचं उरलं आहे.

"बाबा, आत चला. नाहीतर गारतळात तरी जाऊन बसा."

गारतळ म्हणजे बंद पडलेली कोळशाची खाण. भोंगा वाजला की सगळ्या गावानं तिथे उतरायचं. दीडशे पायऱ्या खाली, बारा महिने सव्वीस अंश. बाबांनी तरुणपणी तिथेच कोळसा काढला होता.

"तुह्या भोंग्यानं सांगतलं काय?"

"नाही सांगितलं. मी सांगते आहे."

"मंग नाही. भोंगा वाजला त पळाचं, नाही वाजला त पळाचं नाही. खाणीतला कायदा आहे थो."

तो कायदा कुठून आला, हे ओवीला पाठ होतं. बाबा एकोणतीस वर्षांचे असताना खाणीत भोंगा वाजला. ते तसेच पळाले. सातजण डबे उचलायला थांबले आणि वरून खाणीचं छत खाली आलं. तेव्हापासून बाबांचा देवावर नसेल एवढा विश्वास भोंग्यावर. तो भोंगा आता लेकीचा, मग तर विचारायलाच नको.

"आणि बाज काहून ठेवली मालूम आहे? एखाद दिवस गार वारा सुटन, आभाळ येईन. पहिलेच्या काळी मे महिन्यात यायचे असे दिवस. थो दिवस आला न मी आतमंदी झोपून असलो त?"

ओवीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. हा माणूस हट्टापायी भाजून मरणार, आणि तोही आपल्या यंत्रावर भरवसा ठेवून. तिला साफ भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने नवलमापकाचे कान तिखट केले. हजारांत एक होतं, तिथे शंभरांत एक.

"समितीला विचारायला नको?" इरफानने विचारलं.

"समिती पावसाळ्यात बसते. माझे बाबा आज अंगणात बसलेत."

आता एकोणपन्नासच्या पुढचा दिवस आला की भोंगा वाजेल, बाबा मुकाट्यानं खाली जातील, असा तिचा हिशेब होता. त्यात चूक एवढीच झाली, की टोक म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर एकच टोक होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोळधऱ्यात मे महिन्यात दुसरं टोक आठवावं तरी कशाला!

शनिवारी सकाळी साडेसहाला भोंगा वाजला.

घरांच्या पोलादी झडपा मे महिनाभर बंदच असतात. आत यंत्राचा गारवा असतो, बाहेर काय चाललंय ते भिंतींनाही कळत नाही. बाबा उठून बसले. डोळ्यांत भीती होती आणि अभिमानही.

"वाजला! ओवे, तुहा भोंगा वाजला!"

चप्पलसुद्धा न घालता ते निघाले. घरापासून खाणीच्या तोंडापर्यंत पत्र्यानं बंदिस्त केलेला बोळ होता. सगळं गाव त्यातून धावत होतं. पत्र्यांच्या फटींतून वारा आत येत होता. शेजारच्या सान्वीबाई मध्येच थांबल्या आणि दंड चोळायला लागल्या.

"मॅडम, मले थंडी वाजून राह्यली वो!"

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उष्माघात अंगात शिरला की आधी थंडी वाजते, काटा येतो, हे कोळधऱ्यात लहान मुलांनाही शिकवलेलं असतं. शिकवलेलं होतं ओवीनेच. तिने सान्वीबाईंना पुढे ढकललं आणि मग तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. हातावर काटा होता.

"बाबा, लवकर!" ती ओरडली. "लवकर चला!"

आणि बाबा धावले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अनवाणी, दीडशे पायऱ्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी छाती धरली. वर पोलादी दारं आपोआप मिटली.

खाली एक परिचारिका होती आणि औषधांची एक पेटी. तिने नाडी पाहिली, जिभेखाली गोळी ठेवली आणि ओवीला बाजूला घेतलं. "हृदयाचा झटका आहे. यांना आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्यायला हवं."

ओवीने भिंतीवरचा फोन उचलला. उष्माकक्षात इरफान एकटा पहाऱ्यावर होता.

"इरफान, वर किती आहे? वैद्यकीय गाडी या उन्हात येऊ शकेल का?"

त्याने आकडा पुन्हा एकदा वाचला.

"मॅडम, वर चोवीस आहे. दुपारी चौतीसपर्यंत जाईल."

"चव्वेचाळीस?"

"चौतीस. आभाळ आलंय. वारा सुटलाय. मी खिडकी उघडून बसलोय. यंत्र बरोबर आहे, मॅडम. वीस वर्षांत मे महिन्यात असे दिवस पाचच आले. हजारांत एक ठेवलं असतं तर वाजला नसता."

ओवीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिच्या अंगावरचा काटा खरोखरच थंडीचा होता. साध्या, निरोगी थंडीचा, आणि तिला तो ओळखता आला नव्हता.

"दार उघड."

"दार यंत्राच्या ताब्यात आहे."

हेही तिनेच केलं होतं. एकदा लोकांच्या रेट्याला भिऊन पहारेकऱ्याने दार लवकर उघडलं होतं आणि चाळीस माणसं वाटेत कोसळली होती. त्यानंतर माणसाच्या हातात दाराची किल्ली ठेवायची नाही, असं तिने ठरवलं. हवा नेहमीसारखी झाली की दार उघडेल.

"नेहमीसारखी म्हणजे किती, इरफान?"

"चव्वेचाळीस. ढग सोमवारपर्यंत आहेत. मी पोलाद कापणारे बोलावतो, मॅडम, पण ते दार..."

"माहीत आहे. मीच निवडलं होतं."

ती बाबांजवळ परत आली. त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा श्वास वरच्यावर चालला होता.

"लय वाईट आहे काय वं वरतं?"

वर काय आहे ते सांगण्यासाठी तिने तोंड उघडलं. गार वारा सुटलाय, बाबा. आभाळ आलंय. तुमचा दिवस आलाय. पण हे ऐकून हा माणूस इथे अंधारात कसा मरणार होता?

"हो बाबा. फार वाईट आहे."

"मंग बरं केलं आलो थे." त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "बाज बाहेरच राह्यली. जळून जाईन."

दोन दिवस कोळधऱ्याची अकराशे माणसं जीव मुठीत धरून बसली. वरून कापण्याचा आवाज येत राहिला. इरफान दर तासाला आकडा सांगे आणि ओवी तो ऐके. पंचवीस. एकतीस. चौतीस. अठ्ठावीस. जन्मभर चढत्या पाऱ्यापासून माणसं वाचवायला झिजलेली बाई दगडाला टेकून मनाशी म्हणत होती, चढ. चढ ना रे.

रविवारी संध्याकाळी बाबा गेले. तेव्हा वर तेहतीस होतं.

सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी दारं उघडली. यंत्राचा स्वच्छ आवाज आला. "धोका टळला आहे. परिस्थिती पूर्ववत झाली आहे. कृपया घरी जावे."

बाहेर ४४.३ होतं. ऊन डोळ्यांवर आदळलं तशी लोकांनी सुटकेचे श्वास सोडले. सान्वीबाईंनी ओवीला पोटाशी धरलं. "बाबा गेले वो... पण मॅडम, बाकी अख्खं गाव वाचलं. तुमच्या भोंग्यानं वाचवलं."

चारजण बाबांना घेऊन येत होते. त्यांच्यासाठी जागा करायला ओवी पुढे गेली.

अंगणात बाज होती तिथेच होती. तिच्यावर कडुनिंबाच्या पिवळ्या पानांचा थर साचला होता. दोन दिवसांच्या वाऱ्यानं आणून टाकलेली पानं. ओवीने ती बाजूला सारली आणि दोरीवर हात टेकला. दोरी तापायला लागली होती.