एका कंटेनरमधल्या दोन गाड्या

कंटेनरचं दार करकरत उघडलं आणि मी बघतच राहिले. माझ्या पिवळ्या मोटारसायकलला अगदी खेटून दुसरी एक दणकट निळी मोटारसायकल उभी होती.

"ही कुणाची?"

"माझी," मागून आवाज आला. "आणि पिवळी तुमची ना? दिली बंदरापासून इथे डार्विनपर्यंत समुद्रभर माझ्या गाडीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती बिचारी."

मी वळले. उन्हाने रापलेला, दाढी वाढलेला एक तरुण हसत उभा होता. बोलत होता इंडोनेशियन. दिलीत टीव्ही बघत वाढलेल्या आम्हा सगळ्यांना ती येते, पण मी उत्तर दिलं नाही. हातातली कार्नेची वही घट्ट धरून उभी राहिले. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्टच. गाडी फिरवायला आणलीय, फिरवून झाली की परत नेईन, अशी हमी त्यात असते. तिच्यावर शिक्का पडला की मी सुटणार होते... थेट कॅथरीन गावाच्या रस्त्याला. तिथे माझी माना ओदेते, माझी मोठी बहीण, आंब्याच्या बागेत तोडणीला होती. सोमवारी त्यांची सगळी टोळी दक्षिणेला, पार दुसऱ्या टोकाला जाणार होती. दोन वर्षांत मी तिचा चेहरा फक्त फोनवर पाहिला होता.

तपासनीस बाई ग्लेनिस बॅटरी घेऊन वाकल्या. निळ्या गाडीच्या इंजिनखालच्या पत्र्यात बोट घालून त्यांनी काहीतरी बाहेर काढलं. गवताचं कुसळ.

"हे काय रे, बाळा?"

त्याचं हसू मावळलं. "बोट चुकेल म्हणून... मक्याच्या शेतातून आलो होतो."

"बाहेरची माती किंवा बी या देशात चालत नाही. आता दोन्ही गाड्या धुऊन काढा. एका डब्यातून आल्यात." त्यांनी कंटेनरला पिवळी पट्टी लावली. "उद्या परत बघते. बोट शनिवारी दुपारी परत निघते. तोवर जी स्वच्छ नसेल, ती तिच्यातून घरी जाईल."

बाई गेल्या. मी त्याच्याकडे वळले.

"मक्याचं शेत? दिलीत टूथब्रशने घासून आणलीय मी माझी गाडी! आणि तुम्ही शेतातून—"

"माझं नाव कोपोंग."

"मी विचारलं नाही."

"शिव्या देताना नाव लागेल, म्हणून सांगितलं."

मला हसू येत होतं. ते मी मोठ्या कष्टाने गिळलं.

धुण्याची जागा आवाराच्या मागे होती. दिवसभर आम्ही पाठीला पाठ लावून घासत बसलो. पावसाळ्याआधीचे ते दिवस... ढग रोज जमायचे, गुरगुरायचे आणि न पडताच पांगायचे. अंगाला कपडे चिकटलेले. शेजारून त्याचं गुणगुणणं आणि अधूनमधून एखादा प्रश्न. माझं नाव झुल्मिरा, बहीण कॅथरीनला, सोमवारी निघणार... सगळं मी केव्हा सांगून बसले, कळलंच नाही.

"एकट्याच निघालात? घरचे काही बोलले नाहीत?"

"बोलले. भरपूर बोलले."

"आणि?"

"आणि मी निघाले."

त्याचा ब्रश थांबला होता, ते मला कळलं. मग हळूच, "तुम्ही बसने का नाही जात बहिणीकडे? गाडी मी सांभाळतो."

"मालक समोर नसेल तर तपासणी होत नाही. आणि... माना ओदेतेला सांगितलंय, गाडीवर येते. ती म्हणाली होती, तू गल्लीच्या टोकापर्यंत तरी जाशील का!"

तो मोठ्याने हसला. या वेळी मीही हसले.

शुक्रवारी ग्लेनिस बाई आल्या. निळ्या गाडीचं अजून जमलं नव्हतं. पत्र्याच्या आत, वेल्डिंगच्या फटीत माती होतीच. मग माझी. मी निर्धास्त होते. बाईंनी माझी नंबरप्लेट सोडवायला लावली. तिच्यामागे लाल चिखलाचा वाळलेला थर होता.

आमच्याकडच्या मौबिसेच्या घाटातला चिखल. माझा. स्वतःचा.

"नापास," बाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, त्याने जास्तच लागलं. "उद्या सकाळी धुण्याची जागा एकाच गाडीपुरती मोकळी आहे. कुणाची घ्यायची ते ठरवा आणि मला सांगा."

कोपोंगकडे बघायची माझी हिंमत होईना. दोन दिवस त्याला काय काय बोलले होते मी! तो पाना पुसत उभा होता.

"पिवळी," तो म्हणाला.

"थांबा! असं कसं... तुम्ही इतक्या लांबून—"

"पिवळी लिहा, बाई."

बाई गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "उपकार नकोत मला."

"उपकार कसले? माझी वाट बघत या देशात कोण थांबलंय? तुझी बहीण थांबलीय."

तुझी, म्हणाला. त्याच्याही लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या... आणि माझा राग कुठे गेला, मला शोधूनही सापडला नाही.

शनिवारी सकाळी तो माझ्याआधी येऊन बसला होता. स्वतःची गाडी कोपऱ्यात दोरीने बांधलेली, आणि हा माझ्या गाडीची सीट काढून आत वाकलेला.

"इकडे ये. इथे माझं बोट जात नाही, तुझं जाईल."

मी हात घातला. चेनच्या खाचेत आमची बोटं एकमेकांना लागली. दोघांनीही काढून घेतली नाहीत... क्षणभरच. मग तो उगाचच खोकला.

ग्लेनिस बाई आल्या, तेव्हा धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजत होता. बॅटरीचा प्रकाश चाकांवरून, नळीवरून, सीटखालून फिरत गेला. पांढरं फडकं आत गेलं. फडकं बाहेर आलं. बाईंनी ते उन्हाकडे धरलं, परत एकदा आत घातलं. कोपोंगने माझं मनगट धरलं होतं. कधी धरलं, मला माहीत नाही.

"वही दे, पोरी."

शिक्का पडला. मी आनंदाने ओरडणार, इतक्यात फोर्कलिफ्ट आली आणि निळी गाडी उचलून बोटीकडे घेऊन निघाली. कोपोंग तिच्याकडे बघत उभा राहिला. ती दिसेनाशी झाली, तरीही.

"तू पण जाणार? तिच्याबरोबर?"

"बोटीत माणसं घेत नाहीत. माझं विमान पुढच्या महिन्यात." त्याने पिशवी खांद्याला लावली. "जा. ऊन चढेल. माना ओदेतेला माझा नमस्कार सांग... म्हणजे, सांगावंसं वाटलं तर."

मी गाडी सुरू केली. फाटकापर्यंत गेले. आरशात तो लहान लहान होत होता, हात वर करून उभा. पुढे रस्ता मोकळा होता, ज्याच्यासाठी इतकं केलं तो रस्ता. मला मात्र क्लच सोडवेना.

मी गाडी वळवली.

"काय विसरलीस?" तो धावतच आला.

"हेल्मेट आहे ना तुझ्याकडे?"

तो बघत राहिला. माझ्याकडे, मागच्या सीटकडे, परत माझ्याकडे.

"झुल्मिरा... खरंच?"

"माना ओदेतेला नमस्कार तूच सांग. मी कुणाचे निरोप पोचवत नाही."

त्याने घाईघाईने हेल्मेट चढवलं, उलटंच. मग हँडलकडे हात नेला. "दे, रस्ता मोठा आहे. मी चालवतो."

"अजिबात नाही! गाडी माझ्या नावावर आत आलीय. या देशात दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, असा नियम आहे."

"आणि ही गाडी इथे राहणार किती दिवस?"

"कार्ने वर्षभराची आहे."

"म्हणजे या देशात तुझ्याबरोबर फिरायचं, तर मागेच बसायचं मी?"

"नको असेल तर बस मिळते."

तो बसला. आधी सीटची कड धरली, मग अगदी जपून माझ्या कमरेला हात घातला. पाठीला त्याच्या छातीची धडधड लागत होती. माझ्यापेक्षा जोरात.

"पडशील. नीट धर."

"पडलोय केव्हाचा," तो हेल्मेटच्या आतून पुटपुटला. "तू ओरडत होतीस ना, कुसळावरून... तेव्हाच."

मला ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणालास?"

या वेळी त्याने हेल्मेट काढलं आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. ग्लेनिस बाईंनी मान वर केली. मी क्लच सोडला... आणि कॅथरीनच्या रस्त्याला लागेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही, कारण माझा चेहरा त्याला दिसायला नको होता.