कॉम्प्युटर खोलीतली कस्तुरा

कस्तुरा गेल्याचं मला मंगळवारी सकाळी साडेअकराला कळलं. १९८१ साल. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. मी भोसरीच्या कंपनीत मेंटेनन्सला फिटर. पंप उघडून बसलो होतो. गेटवर रेल्वेचा माणूस आला. त्याच्या हातात माझ्या बायकोचा कंपनीचा बिल्ला होता.

"कासारवाडीला रूळ ओलांडताना..."

त्याने बिल्ला माझ्या हातात ठेवला.

ही गोष्ट खरी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे. आम्ही बौद्ध. भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नाही, हेच लहानपणापासून ऐकलं. कस्तुरा तर अशा गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसायची.

तरी जे पाहिलं ते सांगतो.

ती त्याच कंपनीत कॉम्प्युटर विभागात ऑपरेटर होती. खंडेनवमीला सगळ्या मशिनींबरोबर तिथल्या टर्मिनलनाही हळदकुंकू वाहिलं. आम्ही पूजा करत नाही, म्हणून ती बाजूला उभी राहिली. विभागाचे मुख्य सबनीस साहेब म्हणाले, "पूजा नको ना? मग नंतर पुसून तरी घे."

ती ओल्या फडक्याने बटणांमधलं कुंकू पुसत होती. तीन बटणं एकदम दाबली गेली...

आणि कॉम्प्युटरने पासवर्ड न विचारताच तिला आत घेतलं.

घरी येऊन म्हणाली, "अहो, ज्या सिस्टिमवर अख्खा कॉम्प्युटर चालतो तिच्यातच खोट आहे. कुणीही कुणाच्याही नावाने शिरेल, हवं ते बदलेल. दाराला एवढं मोठं कुलूप, आणि चौकट भिंतीला लावलेलीच नाही!"

ती तीन बटणं तिने माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. "पंपाचे नट लक्षात राहतात ना? मग एवढंही राहील."

साहेबांना सांगायला गेली तर ते म्हणाले, "तुला पुसायला सांगितलं होतं. शिकवायला नाही." कुठली बटणं, हेसुद्धा विचारलं नाही.

महिन्याभरात एक्केचाळीस टेंपररी कामगारांची हजेरी घटली. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम होण्याचा हक्क मिळतो. सगळ्यांचे दिवस त्याच्या आत आले. सगळे घरी बसले. कॉम्प्युटर सांगत होता, हजेरी कस्तुराच्या नावाने बदलली.

कॉम्प्युटरमध्ये बदलाची जी वेळ नोंदली होती, त्या वेळी ती कुसुमताईंबरोबर डबा खात होती. कुसुमताई शेजारच्या टर्मिनलवर बसायच्या. त्यांनी सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी दहाला कस्तुराला निलंबनाचं पत्र दिलं आणि गेटबाहेर काढलं. ती चालत घराकडे निघाली होती. अपघात होता की काय, मला माहीत नाही.

तिला अग्नी देऊन आलो, तर भिमाजी माझ्या दारात थुंकला. त्या एक्केचाळीसांतला एक. "रडतो काय राव? तुझ्या बाईनं आमचं पोट मारलं."

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं.

"ज्योतीराम, खेळ बंद कर."

"कसला खेळ?"

"तिचं नाव मी यादीतून काढलंय. तरी रोज दहाला ती आत येते. एक्केचाळीस जणांची हजेरी पुरी होते. मी पुसतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. ती खोट तिने तुला सांगितली असणार. हे तूच करतोस."

"साहेब, दहाला मी पंपावर असतो. मिस्त्रीला विचारा."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी एमआयडीसीची वीजही बंद असायची. साहेबांनी मला आणि कुसुमताईंना मुद्दाम त्याच दिवशी बोलावलं. कॉम्प्युटर खोलीचं दार आतून लावलं, किल्ली खिशात घातली.

"आता बघू कोण येतंय ते."

दहा वाजले. एसी बंद. बाहेर एकही मशीन चालू नव्हती. मला माझाच श्वास ऐकू येत होता.

टक...

टक टक...

कोपऱ्यातल्या टर्मिनलची बटणं आपोआप खाली जात होती. पडदा काळाच होता.

"वायर काढ!" साहेब ओरडले.

मी वायर उपसली.

बटणं थांबली नाहीत.

कुसुमताई भिंतीला टेकल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, हा हात कस्तुराचाच. दर आकड्यानंतर जरा थांबते बघा. मी सहा वर्षं शेजारी ऐकलाय."

मी जवळ गेलो. "कस्तुरा... मी आलोय."

बटणं थांबली.

वाटलं, आता माझ्यासाठी काहीतरी लिहील. एखादा शब्द. मी काळ्या पडद्याकडे बघत राहिलो...

टक... टक टक...

ती परत कामाला लागली. माझ्यासाठी काही नव्हतं.

साहेबांचा शर्ट भिजला होता. "कुठली तीन बटणं ते सांग. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना कळवतो. खोट बुजवतील, हे सगळं थांबेल."

"आधी निलंबन मागे घ्या. हजेरी तिने कापली नाही, असं लेखी द्या."

"मेलेल्या बाईचं कसलं निलंबन मागे घ्यायचं?"

टकटक बंद झाली.



मग साहेबांच्या अगदी पाठीमागच्या टर्मिनलवर सुरू झाली...

त्यांना तीन वेळा किल्ली कुलपात घालता आली नाही.

याला दोन वर्षं झाली. साहेबांनी त्यानंतर हजेरी पुसली नाही आणि बदली मागून गेले. एक्केचाळीस जण कामावर परत आले. भिमाजी समोर आला की रस्ता बदलतो. हजेरी खरंच कुणी कापली, ते कुणी शोधलं नाही. नवीन साहेबांना खोट माहीत आहे, बटणं माहीत नाहीत. तेही मला विचारून गेले. मी त्यांनाही तेच सांगितलं, आधी निलंबन मागे घेतल्याचं पत्र.

कुसुमताई म्हणतात, दहाचा आवाज अजून येतो.

ती खोट बंद व्हावी म्हणूनच कस्तुरा भांडली होती. मला ते कळतं. पण खोट बंद झाली तर कस्तुरा येणार कुठून? मी पत्रासाठी अडून बसलोय की तिच्यासाठी, ते माझं मलाच सांगता येत नाही.

निलंबन मागे घेतलेलं नाही. तीन बटणं मी अजून कुणाला सांगितलेली नाहीत.