नळीच्या वरच्या टोकाला

ऑपरेटरबाईंचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदांपुरतंच उरलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून चौतीस वर्षं त्यांनी गावभरचे फोन जोडून दिले, त्यामुळे घरचे-दारचे सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. त्यांची जिवाभावाची मैत्रीण शाळेत खेळ शिकवायची, म्हणून तिचं नाव पडलं शिट्टी. दोघींनी साठी ओलांडली होती, पण एकत्र आल्या की शाळा नुकतीच सुटल्यासारख्या वागायच्या.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि ऊन लख्ख पडलं होतं. सकाळीच शिट्टीचा फोन आला, "अगं, निघ त्या पांघरुणातून! नदीकाठचं ते जजसाहेबांचं जुनं घर बघायला खुलं केलंय. चल, जाऊन येऊ." बाईंनी थर्मासमध्ये चहा भरला, चार अंडी उकडून घेतली, कानाभोवती मफलर गुंडाळला आणि निघाल्या.

दोनशे वर्षांचं घर. दारातली तिकीटवाली सोडली तर आत चिटपाखरू नव्हतं. शिट्टीला रान मोकळंच मिळालं. दोरी ओलांडून ती सरळ जजसाहेबांच्या खुर्चीत जाऊन बसली आणि रोज दुपारी घोरण्याच्या गुन्ह्याबद्दल बाईंना जन्मठेप ठोठावली. जेवणघरातल्या लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहून दोघींनी एकमेकींकडे ओरडून मीठ मागितलं. बाई इतक्या हसल्या की बरगड्या दुखायला लागल्या.

पण हसता हसता छातीत काहीतरी खुपलंच. ते नवं नव्हतं. चाळीस वर्षं खुपत होतं.

सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर लागलं. अर्धं जमिनीखाली, गारठलेलं. विझलेल्या कोळशाचा आणि जुन्या मेणाचा वास तिथे अजून रेंगाळत होता. चुलीशेजारच्या भिंतीतून एक पितळी नळी बाहेर आली होती, तिचं तोंड फुलासारखं पसरट. खाली पाटी होती. या नळीतून पूर्वी वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीशी बोलत असत.

"ही तर तुझ्या धंद्यातली वस्तू!" शिट्टी ओरडली. "थांब इथेच. मी वर जाते, तू बोल." आणि बाईंच्या पिशवीतलं एक अंडं उचलून, साठी-बिठी विसरून ती जिन्याकडे पळाली.

तिच्या बुटांचा आवाज वर चढत गेला, मग ऐकू येईनासा झाला. घर एकदम गप्प झालं. कुठेतरी भिंतीआड पाण्याचा एक थेंब पडला... बऱ्याच वेळाने दुसरा. बाईंनी नळीला तोंड लावलं, सवयीने म्हणाल्या, "हॅलो, कोण बोलतंय?" आणि कान टेकवला.

आधी नुसताच पोकळ सूं सूं. मग अगदी कानाशी, हळूच...

"ऐकतेय... बोल."

हजारो आवाज ओळखणाऱ्या बाईंना हा आवाज जरा घोगरा वाटला. पण नळीतून येणार म्हणजे असाच येणार, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. समोर चेहरा नव्हता. नुसता आवाज होता, आणि आवाजाशी बोलण्यात तर त्यांचा जन्म गेला होता. चाळीस वर्षं घशात अडकलेलं आपसूक ओठांवर आलं.

"शिट्टे, एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस हं. नोकरीला लागल्यावर आपण वसतिगृहात राहायचो ना, तेव्हा तुझा तो सर्व्हेअर बदली होऊन लांब गेला. फोन करीन म्हणाला होता, आणि त्याने केलाच नाही असं तुला वाटलं. केला होता गं त्याने. माझ्याच बोर्डावर आला त्याचा परगावचा ट्रंक कॉल. मी त्याला म्हटलं, नंबर लागत नाही. तू निघून गेलीस तर मी एकटी पडेन, एवढंच डोक्यात होतं..."

नळीत बराच वेळ कुणीतरी नुसता श्वास घेत होतं. मग आवाज आला, मायेने डोक्यावरून हात फिरवावा तसा.

"बरं झालं बोललीस... आता तिलाही सांग."

बाईंनी चटकन कान नळीपासून दूर घेतला. "तिला...? तिला म्हणजे कुणाला?"

मागून खांद्यावर हात पडला आणि बाई किंचाळल्या.

शिट्टी होती. नाक लाल, हातात अर्धं सोललेलं अंडं. "ओरडतेस काय! वरच्या खोलीला हे एवढं कुलूप आहे. तिकीटवाली म्हणते छत खचलंय, दहा वर्षांत आत कुणी पाऊल टाकलं नाही. म्हणून मी मागच्या अंगणात ऊन खात बसले. तू येईनास, शेवटी मीच आले. कुणाशी बोलत होतीस?"

बाईंना तिथून धूम ठोकावीशी वाटली. पण एकदा बाहेर पडलेले शब्द आता आत जायला तयार नव्हते. शिट्टीचा हात घट्ट धरून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून.

शिट्टीचा चेहरा उतरला. ती ओट्याला टेकली.

"किती वेळा केला होता त्याने?"

"तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाला, बाई, अजून एकदा लावून बघा ना."

शिट्टीने हातातलं अंडं ओट्यावर ठेवलं. मग शिट्टीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

"वर्षभर आरशासमोर उभी राहून मी स्वतःला विचारत होते, माझ्यात असं काय कमी होतं, की त्याला एक फोन करावासा वाटला नाही." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा उजळत चालला होता. "तीनदा केला! अगं मूर्ख बाई, एवढी छान गोष्ट तू चाळीस वर्षं एकटीजवळ ठेवलीस?"

"तू... चिडली नाहीस?"

"चिडले तर! जन्मभर चिडणार आहे. रोज तुझ्याकडे चहाला येऊन चिडणार आहे." तिने डोळे पुसले. "आणि गेले असते त्याच्याबरोबर, तर माळावरच्या तंबूत त्याचे मोजे वाळत घालत बसले असते. इकडे ये, गधडे."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या आणि रडता रडता खदखदून हसल्या. बाईंना वाटलं, आपलं वजन निम्म्याने उतरलंय.

"पण मघाशी तू बोलत कुणाशी होतीस?" शिट्टीने विचारलं.

बाईंनी नळीकडे बोट दाखवलं.

थंडगार पितळेवर, तोंडाच्या आतल्या बाजूने, वाफ धरत होती. धरायची, विरायची... पुन्हा धरायची. आधी सावकाश. मग भराभर, तुटक तुटक, तोंडावर हात दाबून हसू आवरणाऱ्या माणसाच्या श्वासासारखी.