हलणारा बाक

तोंडात चार खिळे धरून मी बाकाखाली उताणा पडलो होतो. दहिसरची एक मराठी शाळा, शनिवारची सकाळ, पोरं अजून मैदानात. चौथीच्या वर्गात कुणी नाय असं समजून ती आत आली आणि रिकाम्या बाकांना म्हणाली, ‘मुलांनो, आज आपण... अं... आज आपण...’

आवाज असा थरथरत होता, की मला राहवलं नाय. खिळे हातावर काढले आणि खालूनच म्हणालो, ‘हजर, बाई!’

ती किंचाळलीच. हातातला खडू थेट माझ्या कपाळावर. नेम झकास होता.

‘कोण आहात तुम्ही?’

‘भीमराज. सुतार. बाक दुरुस्तीला आलोय. तुम्ही?’

‘शीतल... नवीन टीचर. रिकाम्या वर्गात पाठ म्हणून बघते, कुणाला सांगू नका हां.’

‘मी कशाला सांगतोय? मी स्वतः सहावीतून पळालेला माणूस.’

‘का पळालात?’

‘वाचायला उभं केलं. अडखळलो. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी दप्तर घरी आणि मी काकाच्या हाताखाली, रंधा मारायला.’

ती हसली नाय. तिथंच माझी वाट लागली.

दर शनिवारी चार बाक, असं काम ठरलं होतं. तिच्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला एक खेळ चालायचा — ‘आता जमतं’. एकेकानं उभं राहून सांगायचं, या आठवड्यात काय नवीन जमायला लागलं. बाकीचे ओरडणार, ‘करून दाखवा!’ दाखवलं की टाळ्या. कुणाला भागाकार जमायचा, कुणाला शिट्टी. बाईंनाही सूट नाय. ‘मला आता न चिडता पाच वेळा समजावता येतं,’ ती एकदा म्हणाली. पोरांनी सहा वेळा विचारून बघितलं!

मी मागं पटाशी चालवत ऐकायचो. सपना नावाची एक पोर नुसती उभी राहायची, तोंडातून शब्द नाय. कुणी फिदीफिदी केलं की शीतल फक्त बघायची — तो गप्प. मग सपनाशेजारी बसून हळूच म्हणायची, ‘पुढच्या शनिवारी.’ मला वाटायचं, आमच्या वेळी असं कुणी म्हणालं असतं तर...

‘इतका हळू हात चालतो तुमचा?’ डबा खाताना ती टोमणा मारायची.

‘लाकूड जुनं आहे, मॅडम.’

‘लाकूड की सुतार?’

‘सुतार तिशीतला आहे. नीट बघून घ्या.’

ती डब्याचं झाकण चेहऱ्यापुढं धरायची. खांदे मात्र हसत असायचे.

सातव्या शनिवारी शेवटचा बाक. त्यानंतर या वर्गात यायला मला काही कारण उरणार नव्हतं. 

तेवढ्यात सपना पुस्तक घेऊन उभी राहिली. ‘मला आता वाचायला जमतं.’ वाचलं की हो! मध्येच अडली... तोच शब्द पुन्हा घेतला... आणि गेली पुढं. पानभर. टाळ्यांनी खिडक्या वाजल्या.

शीतलनं डोळे पुसले. ‘आणि मला,’ ती माझ्याकडं बघत म्हणाली, ‘आता आधी रिकाम्या बाकांशी बोलावं लागत नाही.’

‘आता मिस्त्रीकाका!’ सपनाच ओरडली.

सहावीतला तो हसणारा वर्ग डोळ्यांपुढं आला. पण पोर उभी राहिली होती, मग मी कसा बसून राहणार?

‘मला... आता वर्गासमोर बोलायला जमतं.’

‘करून दाखवा!’

‘बोलतोय की!’

‘अजून!’

सपना माझ्या त्या शेवटच्या बाकावर बसली. बाक डुगडुगला. ‘काका, हा तर अजून हलतोय!’

‘माहितीये.’

‘मग दुरुस्त का नाही केला?’

चाळीस पोरं माझ्याकडं बघतायत. शीतल पण.

‘मुद्दाम ठेवलाय. हा पक्का केला की मला परत यायला कारण नाय. आणि तुमच्या बाईंना बघितल्याशिवाय... माझा आठवडाच जात नाय आता.’

शीतल फळ्याकडं वळली. पुसलेला फळा पुन्हा पुसला. कान लालेलाल. मग पाठमोरीच म्हणाली,

‘उद्या रविवार. शाळा नाही, बाक नाही. काहीच कारण नाही... तरी सकाळी आरेच्या जंगलात फिरायला यायला जमेल?’

‘जमेल,’ मी म्हणालो.

आणि चाळीस गळे एकदम —

‘करून दाखवा!’