सोमवारचा पाहुणा

"बरं झालं, तो काउबॉय गेला एकदाचा!"

हे वाक्य माझ्या मागून आलं. मी आमच्या बाउंटिफुल गावातल्या सोड्याच्या दुकानात रांगेत उभी होते. सात वाजत आले होते, आणि दिवसभर लोकांचे दात साफ करून माझी पाठ मोडली होती. नारळाचा सोडा घ्यायचा, घर गाठायचं आणि टीव्हीवर नाचाची स्पर्धा लावायची, एवढंच डोक्यात होतं.

मी वळून बघितलं. दाराएवढा उंच एक मुलगा फोनकडे बघून हसत होता.

"कुठला काउबॉय?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"तो हो... नाचाच्या स्पर्धेतला. सांबा करत होता की बैल आवरत होता, देव जाणे. आज बाहेर काढला त्याला."

"आमच्याकडे अजून सुरूही झालेलं नाही!"

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "अरे देवा..."

न्यूयॉर्कवाले जे बघतात, ते आम्हा यूटावाल्यांना तासाभराने दिसतं. मतं मात्र त्यांच्याच घड्याळाने द्यायची. म्हणजे नाच बघायच्या आधी आमचं मत देऊन झालेलं असतं. न बघता सोयरीक जुळवण्यातला हा प्रकार, पण आमच्या गावाला त्याचं काही वाटत नाही. आमची लिंडी सोरेन्सन त्या स्पर्धेत होती, आणि ती पडली-झडली तरी मत तिलाच जाणार होतं.

हा मुलगा, टेविता, सॉल्ट लेक शहरातल्या टीव्ही केंद्रात कामाला. पूर्वेकडचं प्रक्षेपण आधी तिथे उतरायचं, त्यामुळे कोण राहिलं, कोण गेलं, हे त्याला सगळ्या यूटाच्या आधी कळायचं. त्या दिवशी सुट्टी होती तर मित्राने फोनवर कळवलं होतं.

"तोंडाला कुलूप लावता येत नाही का तुम्हाला?" मी म्हणाले.

"येतं ना. पुढच्या सोमवारी ड्यूटी संपवून तुमच्या घरी येतो. सगळं माहीत असेल, पण एक अक्षर काढणार नाही. चेहऱ्यावरून जरी कळलं, तरी हाकलून द्या."

धिटाई बघा! "आमच्या घरी सोमवारी कोण येणार, ते माझी आत्या ठरवते," मी म्हणाले. वाटलं, विषय संपला.

पण आत्याने ऐकलं आणि ती खूशच झाली. आई-बाबा चर्चच्या सेवेसाठी पेरूला गेल्यापासून मी लारू आत्याकडे राहते. आमच्या चर्चच्या लोकांत सोमवारची संध्याकाळ घरच्यांची असते. एक प्रार्थना, एक गाणं, काहीतरी गोडधोड. त्यात नाचाची स्पर्धा आत्यानेच घुसवली.

"सोमवारी येतो म्हणतोय?" आत्याने डोळे मिचकावले. "सोमवारी घरचेच येतात गं, जेरी."

"आत्या, तो टीव्ही बघायला येतोय."

"हो हो. टीव्हीच बघेल."

तो आला, तो त्याच्या आईने दिलेला डबा घेऊन. त्याचं घराणं पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचं, आणि टोंगाची माणसं रिकाम्या हाताने येत नाहीत. अळूच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस होतं. आत्याने एक घास खाल्ला आणि तेव्हापासून तिचं मत त्यालाच.

मग दर सोमवारी तो येऊ लागला. कोचाच्या टोकाला बसायचा, चीज घातलेल्या बटाट्यांची ताटली मांडीवर, आणि चेहरा म्हणजे बंद दुकान. मी नाचाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघू लागले... अर्थात निकाल ओळखायला.

"दुसऱ्यांदा बटाटे घेतलेस. म्हणजे लिंडी वाचली."

"भूक लागलीय, परीक्षकबाई."

"खोटं. डावी भुवई हलली."

"तिचं मी काय करू? तू बघितलंस की हलते."

अशा वेळी मी पटकन पडद्याकडे वळायची. फॉक्सट्रॉटमध्ये पाऊल पुढे टाकताना आधी टाच टेकवायची, हे मी त्याला समजावून सांगायची. शाळेच्या नाचाच्या चमूत मी सहा वर्षं होते, घोटा मोडेपर्यंत. तो मान डोलवायचा, पण नजर पडद्यावर नसायची. मला ते कळत होतं. कळून मी टाचेबद्दल आणखी लांबण लावायची.

मला तो आवडायला लागला होता. मनाला फसवण्यात अर्थ नव्हता. पण त्याने सोमवार सोडून कधी फोन केला नाही, साधा सोडा प्यायला चल म्हणाला नाही. नोव्हेंबर सरत आला. सगळ्या गल्लीला एकच घोर, लिंडी जिंकते की नाही. मला वेगळाच. स्पर्धा संपली की हा कशाला येईल? नाचासाठी येणारा माणूस नाचाबरोबर जाणार, सरळ हिशेब होता.

अंतिम फेरीला आत्याचं घर भरून गेलं. मतं देऊन झाल्यावर आत्याने सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा केले आणि टोपली कपाटात ठेवली. लिंडीची आजी, चर्चमध्ये सगळ्यांची सिस्टर सोरेन्सन, मधल्या खुर्चीत हात जोडून बसली होती.

अर्धी फेरी झाल्यावर टेविता आला. सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली.

त्याचा चेहरा उतरलेला होता. हातात डबा होता, पण तो द्यायचं भान नव्हतं. कोचाच्या टोकाला बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. बटाट्यांना हात लावला नाही.

"गेली," कुणीतरी पुटपुटलं.

"पोरीने टँगो किती सुंदर केला होता गं..." आत्याने रुमाल काढला. सिस्टर सोरेन्सन म्हणाली, "दुसरा नंबर म्हणजे काय कमी असतो का?" आणि तिनेच डोळे पुसले. एका बाईने तर सांत्वनाला केक कापून वाटायला सुरुवात केली. स्पर्धा चालू असताना आम्ही तिचं सुतक पाळत होतो, आणि ज्याच्यामुळे पाळत होतो, त्याला पत्ताच नव्हता.

मग पडद्यावर पाकीट उघडलं आणि नाव आलं. लिंडी सोरेन्सन!

घर डोक्यावर घेतलं लोकांनी. आजीला खुर्चीसकट उचलायचं तेवढं राहिलं. मी वळले, तर कोचाचं टोक रिकामं.

तो बाहेर पायरीवर होता. थंडीने नाक लाल झालेलं.

"ती जिंकली," मी म्हणाले.

"माहितीये. मघापासून माहितीये."

"मग तोंड असं का? आत्याने रडून रुमाल भिजवला! आजीला काही झालं असतं म्हणजे?"

"माझ्या तोंडावरून?" तो खरंच दचकला. "मी... माझ्या ध्यानातच नाही आलं."

"मग कसल्या विचारात होतास?"

आतून टाळ्यांचा आवाज येत होता.

"स्पर्धा संपली ना," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी काय सांगून येऊ? आईला सांगतो, नाच बघायला चाललो. ती हसते. मला नाचातलं ओ की ठो कळत नाही, जेरी. तुझी ती टाच अजून दिसली नाही मला."

त्याने मला 'जेरी' म्हटलं. परीक्षकबाई नाही. मला ते आवडलं. रागही आला. एवढे सोमवार हा माणूस गप्प बसला, आणि गप्प बसण्यात मीही त्याच्या तोडीस तोड निघाले.

"काही सांगू नकोस," मी म्हणाले. "नुसता ये. मला तू हवा आहेस. नाच असो नसो."

"टीव्हीवर काय असेल?"

"काही नाही. बंद ठेवीन."

"तू? टीव्ही बंद?"

"हो."

"मग मी बघू काय?"

"मला बघ."

बोलून गेले आणि कानापर्यंत तापले. पण शब्द मागे घेतला नाही. टेविताने डबा पायरीवर ठेवला, माझे गारठलेले हात हातात घेतले, आणि बघू लागला. त्यासाठी त्याने पुढच्या सोमवारची वाट बघितली नाही.