रांगेतला शेवटचा

अंधारात रांगेने चालताना सगळ्यात मागचा माणूस आहे की नाही, हे तुम्ही कसं ओळखता रे?

“हाक मारतो, तात्या. पुढचा ओरडतो ‘शेवटचा?’ आणि मागचा म्हणतो ‘आहे!’”

बरोबर. उद्या तुम्ही डोंगरावर निघालात, म्हणून सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे भटक्या म्हणतो, त्याने वर्षानुवर्षं ही रीत पाळली. आता कुणी ती हाक मारली, की तो कानात बोटं घालतो.

झालं असं. पाठीवर पिशवी टाकून तो परदेशात, समुद्राकाठच्या एका शहरात गेला होता. या खेपेला धाकटी, म्हणजे त्याची सख्खी बहीण, बरोबर होती. बिचारी पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेली. आईने निघताना भटक्याला एवढंच बजावलं होतं, “नेतोस तशी परत आण. तुझ्या भरवशावर सोडतेय.”

दोघांनी सगळं शहर पायाखाली घातलं. मासळीबाजार, दीपगृह, चढावरच्या अरुंद गल्ल्या. शेवटच्या दिवशी सकाळी भाड्याची होडी वल्हवत समोरच्या खडकाळ बेटावरही जाऊन आले. दिवस शनिवारचा, रात्र अमावास्येची. संध्याकाळी खोलीवर सामान आवरता आवरता धाकटी मटकन खाली बसली.

“दादा, पासपोर्टची पिशवी... बेटावरच राहिली.”

“वा! डोकं तरी आणलंस का बरोबर?”

होडीवाला म्हणाला, आता होडी कशाला? आज चंद्र नाही, पाणी खूप मागे जातं. वाळूवरून चालत जाल. फक्त पाणी फिरायच्या आत परत या.

गेले. पिशवी खडकाच्या खोबणीत जशीच्या तशी सापडली. धाकटीच्या जिवात जीव आला. परत निघेपर्यंत मात्र अंधार पडला होता आणि वरून धुकं उतरलं. किनाऱ्यावरचे दिवे दिसेनात. वाळूची पट्टी जेमतेम गाडीवाटेएवढी. भटक्या बॅटरी घेऊन पुढे, धाकटी मागे.

सवयीने त्याने हाक दिली, “शेवटचा?”

“आहे!” धाकटी खिदळली. “दोघंच तर आहोत. पहिली कोण आणि शेवटची कोण!”

थोडं चालले. दोन्ही बाजूंचं पाणी आता कानाशी वाजत होतं.

“शेवटचा?”

“आहे.”

“अगं, जवळ राहा. एवढ्या लांबून काय बोलतेस?”

“मी कुठे बोलले?”

ती त्याच्या पाठीशीच होती.

भटक्याने तिच्या मागे बॅटरी मारली. पांढरं धुकं. बाकी काही नाही.

“आवाज घुमला असेल,” तो म्हणाला. पण त्याचं त्यालाच पटेना. घुमलेला आवाज आपलेच शब्द परत आणतो. उत्तर देत नाही.

त्याने धाकटीला पुढे घेतलं. मागे जे काही असेल, ते आधी माझ्या पाठीला लागेल, हा त्याचा हिशेब. तिचा उजवा खांदा उजव्या हाताने धरला. डाव्या हातात बॅटरी.

“आता हाक नाही मारायची,” तो पुटपुटला.

पाणी घोट्याला लागलं.

चालले. मागे पाऊल वाजेना. श्वास ऐकू येईना. गेलं वाटतं... त्याला जरा धीर आला.

“दादा, दोन्ही हातांनी दाबू नकोस ना. डावा खांदा दुखतोय.”

...

भटक्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बॅटरी.

उजेड तिच्या खांद्यावर टाकायची त्याची छाती झाली नाही.

“दादा?”

“चाल.”

“किती गार आहे रे हात तुझा...”

“चाल, बाळा. मागे बघू नकोस.”

पाणी पोटरीला. मग गुडघ्याला. धाकटी मुसमुसायला लागली. त्याने उजवा हात सोडला नाही.

पायाला दगडी पायरी लागली. वर दिव्याचा खांब दिसला. “सुटले बाई!” म्हणत तिने दोन्ही खांदे झटकले आणि धावत वर गेली.

“मग, तात्या? गेलं ते?”

ते मला काय विचारता? धाकटी त्या रात्री गाढ झोपली. काय घडलं ते तिला आजही ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नका. भटक्या मात्र दाराला पाठ लावून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खिडकीत टाकलेलं तिचं जाकीट घडी घालायला उचललं. रात्री पाणी गुडघ्याच्या वर चढलं नव्हतं. जाकिटाच्या डाव्या खांद्यावर वाळलेलं मीठ होतं. लहान मुलाची असावीत, तेवढी पाच बोटं.