गुरुवारची जीप

"कोणीतरी माझी जीप चोरतंय," मास्तर म्हणाले, "आणि परत आणून ठेवतंय."

भावजींनी चहात बुडवलेलं बिस्किट तुटून आत पडलं. "परत आणून ठेवतंय ना? मग तक्रार काय?"

वहिनींनी दिरांकडे नुसतं पाहिलं. विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात वहिनींची सगळी नोकरी सरली होती. आता त्या खाजगी तपास करायच्या आणि गाडी हाकायला दिरांना बरोबर घ्यायच्या. भावजींचं डोकं सावकाश चालायचं, पण माणूस सोन्यासारखा होता.

मास्तर निवृत्त भूगोलशिक्षक. उंचपुरे, लग्न न केलेले, घरात एकटे. जुनी जीप त्यांनी गेल्या वर्षी घेतली होती.

"तिचं करता काय?" वहिनींनी विचारलं.

"रविवारी धुतो, पुसतो, पेट्रोल पंपापर्यंत नेतो."

"बस? डोंगर, नदी काही नाही?"

मास्तर ओशाळले. "आयुष्यभर नद्या शिकवल्या, पण उतरायचा धीर होत नाही. एकटा अडकलो तर ढकलणार कोण?"

गोष्ट अशी होती. या जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती आहे. खाली उतरून ती हाताने फिरवली की पुढची चाकंही इंजिनाला जोडली जातात आणि गाडी चिखलातून, वाळूतून निघते. डांबरावर यायचं तर चकत्या पुन्हा मोकळ्या करायच्या. मास्तरांनी त्या कधी जोडल्याच नव्हत्या. तरी मध्येच स्टिअरिंग जड लागे आणि पाहावं तर चाकं जोडलेली.

"पुतण्या म्हणतो, काका, तुम्हीच करता आणि विसरता. वृद्धाश्रम बघून आलाय. घर विकायचं, जीप विकायची. रविवारी मला हो म्हणायचंय." मास्तरांचा आवाज खाली गेला. "माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती हो. मला एवढंच सांगा, दुसरं कोणी आहे, की मीच आहे?"

जीप घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. फाटकाला नुसती कडी. वहिनी चालकाच्या जागेवर बसल्या. ती जागा बोल्टने पक्की केलेली होती, पुढेमागे होत नव्हती. त्यांनी आरशात पाहिलं.

"यात मला नुसती मागची सीट दिसतेय."

"तो सैल झालाय. शुक्रवारी पाहावं तर खाली वाकलेला असतो."

वहिनींनी आरसा वर केला. त्यासाठी त्यांना दोन्ही हात लावावे लागले. "शुक्रवारीच का?"

"बाकी दिवस मी घरीच. गुरुवारी दुपारभर वाचनालयात पुस्तकं लावायला जातो."

"सैलच असणार," भावजी म्हणाले.

जीप दुरुस्त करणारा मिस्त्री गॅरेजच्या दारातून वाकूनच बाहेर आला, एवढा उंच. "चाकं जोडलेली मीच मास्तरांना दाखवली. अशी गाडी डांबरावर पळवली की माझा जीव तुटतो. आणि नवख्याला ती चालू तरी होईल का? चोक किती ओढायचा, पाय कधी उचलायचा, सगळे नखरे. मलाही आधी घाम फुटला होता."

पुतण्याही काकांसारखाच ताडमाड होता. सगळं बोलणं त्याने फोनकडे बघत उरकलं. "चकत्या? कसल्या चकत्या? माझी गाडी आपोआप गिअर बदलते. काकांचं वय झालंय, एवढंच माझं म्हणणं."

"हाच!" बाहेर पडताच भावजी म्हणाले. "घर लाटायला काकांना वेडं ठरवतोय."

"मनात असेलही. पण ज्या वस्तूचं नाव माहीत नाही, ती तो फिरवणार कशी?"

मास्तरांना जीप विकणाऱ्याचं फरशांचं दुकान वाचनालयासमोर होतं, वर राहतं घर. दुकानात एक जुना फोटो लावलेला होता. जीप नदीत उभी, मागच्या नळीतून धूर निघतोय, आणि एक उंच माणूस गुडघाभर पाण्यात वाकून पुढच्या चाकाशी खटपट करतोय. जीपच्या काचेवर ऊन चमकल्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं.

"आमचे बाबा," दुकानदार म्हणाला. "जीप म्हणजे त्यांचा जीव. दर आठवड्याला आम्ही तिघं जायचो. हा फोटो मीच काढलाय, शाळेत असताना. बाबा गेल्यावर विकून टाकली. चालवणार कोण?"

"चाव्या किती होत्या?"

"दोन. दुसरी सापडलीच नाही."

त्याची आई पाणी घेऊन आली. मुलाच्या खांद्याच्याही खाली होती ती. वहिनींनी तिला थँक्यू म्हटलं. ती वर निघून गेली.

रविवारी वहिनींनी पुतण्या, मिस्त्री, दुकानदार आणि त्याची आई, सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"मास्तर, तुमचं डोकं ठिकाणावर आहे," त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मास्तर जीपच्या बॉनेटला टेकले. "आरसा सैल नाही. तो मुद्दाम कोणीतरी खाली वाकवतं. सीट हलत नाही, म्हणून बुटका माणूस आरसा आपल्या डोळ्यांना जुळवून घेतो. मास्तर उंच, पुतण्या उंच, मिस्त्री उंच."

"मग बुटकं कोण?" भावजींनी विचारलं.

"थांबा. या माणसाला जीपचे नखरे पाठ आहेत, चाकं कधी जोडायची हेही कळतं. पण परत आल्यावर ती मोकळी करायचं राहून जातं. मिस्त्री हे मेला तरी विसरणार नाही. मग असा जाणकार आणि असा विसराळू कोण? ज्याने गाडी जन्मभर चालवली, पण चाकांसाठी खाली उतरायची वेळ कधी आली नाही, तो. वाळूत रुतल्यावर उतरावंच लागतं. घरी आल्यावर आठवण करून देणारं काही नसतं. ते काम कायम दुसरंच कोणीतरी करायचं."

वहिनी दुकानदाराकडे वळल्या. "फोटोत बाबा पाण्यात आहेत. तुम्ही फोटो काढताय. इंजिन चालू आहे. मग स्टिअरिंगवर कोण होतं?"

दुकानदार हळूहळू आईकडे वळला.

आईने पर्समधून चावी काढली. "गॅलरीतून मास्तर वाचनालयात जाताना दिसायचे. मग मी इकडे यायचे. पेट्रोल भरून ठेवत होते. चोरी ती चोरीच, माहितीये मला."

"आई, बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का? चालवणार कोण, म्हणालास. मला वाटलं, मस्करी करतोयस." तिने चावी बॉनेटवर ठेवली. "ह्यांना गाडी कधी जमलीच नाही. पण चाकं जोडायचे, सोडायचे, आणि वाटभर बडबड करायचे."

मास्तरांनी घसा साफ केला. "पुढच्या गुरुवारी मलाही न्याल? चाकं मी सोडीन."

तिने जीपमधल्या पलीकडच्या सीटकडे पाहिलं. "राग मानू नका. शेजारची जागा रिकामीच असू द्या. मी बोलत असते तिथे."

मास्तरांनी मान हलवली आणि चावी तिच्या हातात परत दिली. "गुरुवार तुमचा."

मायलेक गेले. मिस्त्रीही गेला. पुतण्या म्हणाला, "बरं झालं काका, वृद्धाश्रमाचं कॅन्सल करतो," आणि फोन कानाला लावून चालू पडला. वहिनी गाडीकडे निघाल्या.

मास्तर शेडमध्ये तसेच उभे होते. "कित्येक रात्री झोपलो नाही," ते म्हणाले. "वाटायचं, आईसारखंच होणार. आता कळलं, मी ठणठणीत आहे. एवढी आनंदाची बातमी, आणि सांगायला कोणी नाही."

भावजी थबकले. कोपऱ्यातलं एक स्टूल ओढून ते त्यावर बसले.

"मास्तर, मला अजून काहीच कळलेलं नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."